खाडीकाठचे रक्तपिपासू: स्वतःची व्हॅम्पायर-परंपरा रचणाऱ्या लेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात घडणारी व्हॅम्पायरची कथामालिका लिहू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. उदाहरणासाठी 'ओहोट्या' नावाचा एक कल्पित जीव सगळीकडे वापरला आहे: खाडीत बुडालेला, प्रेत न सापडलेला, ओहोटीला चिखलातून वर येणारा. तो उचलू नका, तो कसा घडत गेला ते पाहा.

१. व्हॅम्पायर आणि आपलं भूत यात नेमका फरक काय?

शरीराचा. आपलं भूत 'लागतं', 'धरतं', 'झपाटतं'. त्याला स्वतःचा देह नसतो म्हणून ते दुसऱ्याचा वापरतं. व्हॅम्पायरला स्वतःचाच मेलेला देह असतो आणि तो टिकवण्यासाठी त्याला रक्त लागतं. हा फरक कथानकाला कामाचा आहे. भुताला बंद दार अडवत नाही, व्हॅम्पायरला अडवतं. त्याला जिने चढावे लागतात, कपडे बदलावे लागतात, दिवसा कुठेतरी पडून राहावं लागतं. जिथे देह आहे तिथे पुरावे राहतात, आणि पुराव्यांवर मालिका चालते.

२. मग वेताळ, हडळ, मुंजा यांनाच रक्त प्यायला लावलं तर? ओळखीचे तरी आहेत.

ओळखीचे आहेत म्हणूनच अडचण. मुंजा म्हटलं की वाचकाला मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा आणि पिंपळ आठवतो, हडळ म्हटलं की उलटी पावलं. तुम्ही त्यांना सुळे लावलेत तर वाचक प्रत्येक पानावर 'असं नसतं' म्हणत राहील. शिवाय वेताळ हा दैवत आहे. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त केळी आणि मोठमोठ्या चपला वाहतात. त्याला खलनायक करणं म्हणजे गावाच्या राखणदारालाच चोर ठरवणं.

तरीही वेताळाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ११व्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या २५ गोष्टी आहेत. त्यात तो दुसऱ्याच्या प्रेतात राहतो, आणि राजाने मौन मोडलं की प्रेतासकट झाडावर परत जातो. म्हणजे उसना देह आणि बोलण्याशी जोडलेली अट. या दोन कल्पना नाव न घेता वापरता येतात. खवीस, ब्रह्मसमंध ही नावं मात्र विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या मृतांशी जोडलेली आहेत. ती बेफिकिरीने वापरली की आपोआप वेगळाच अर्थ निघतो.

३. सुरुवात कुठून करू? नियमांची यादी करायला घेतली आहे, ४० नियम झाले.

यादी बाजूला ठेवा. आधी एकच प्रश्न सोडवा: हा जीव मरूनही का थांबला? त्या कारणातून तीन-चार नियम आपोआप निघायला हवेत. जे निघत नाहीत ते बहुतेक दुसऱ्यांच्या सिनेमांतून आलेले असतात.

ओहोट्याचं मूळ असं: त्याचे अंत्यसंस्कार झालेले नाहीत, कारण प्रेतच मिळालं नाही. त्यातून पुढचं निघतं. त्याला चिखलाजवळ राहावं लागतं (प्रश्न ११). त्याचं नाव घेऊन, बारावं-तेरावं करून त्याला मोकळं करता येतं, पण त्यासाठी तो कोण होता हे शोधावं लागतं. आणि घरच्यांनी तो परत येईल म्हणून पानावर वाट पाहिली तर तो आणखी घट्ट अडकतो. तिसरा नियम सगळ्यात बळकट, कारण तो पात्रांच्या प्रेमालाच संकट बनवतो. पहिल्या भागात पाचपेक्षा जास्त नियम वाचकाला सांगू नका.

४. आपल्याकडे प्रेत जाळतात. मग व्हॅम्पायर उठणार कुठून?

युरोपातली व्हॅम्पायरची कल्पना दफनाशी बांधलेली आहे. १७२५ ते १७३२ या काळात ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सर्बियात थडगी उकरून प्रेतं तपासली गेली आणि त्यांचे सरकारी अहवाल लिहिले गेले. फुगलेलं पोट, तोंडाशी काळपट रक्त, वाढल्यासारखी दिसणारी नखं ही कुजण्याचीच लक्षणं होती. कातडी आकसली की नखं आणि दात लांब दिसतात. दहनात यातलं काहीच उरत नाही.

ठाणे-नवी मुंबईत देह उरण्याच्या वाटा अशा: खाडीत बुडून न सापडलेला, डोंगरातल्या दरडीखाली गेलेला, ओळख न पटलेला बेवारस, समाधी दिलेला संन्यासी. दफन करणारे समाजही इथे आहेत, पण 'जे पुरतात त्यांच्यातूनच राक्षस निघतात' असं चित्र नकळत उभं राहणार नाही हे पाहा.

बेपत्ता माणसाला आणखी एक धार आहे. ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर कायद्याने तो मृत मानता येतो. ओहोट्याला तेवढी सात वर्षं परतीची आशा द्या. कोर्टाचा कागद निघाला की ती संपते. मालिकेचा पहिला भाग सहाव्या वर्षाच्या शेवटी सुरू करा.

५. नाव काय द्यावं? 'रक्तपिशाच्च' जुनाट वाटतं, 'व्हॅम्पायर' परकं.

लेखकाने नव्हे, त्या जगातल्या लोकांनी ठेवलेलं वाटेल असं नाव हवं. लोक भयानक गोष्टीला लहान, घरगुती नाव देतात. 'रक्तशोषकासुर' कोणी म्हणणार नाही. तो काय करतो किंवा कधी येतो यावरून नाव काढा, दोन-तीन अक्षरांचं ठेवा आणि अनेकवचन, स्त्रीलिंग, शिवी अशा तिन्ही रूपांत बोलून पाहा. मग ते कोणाचं आडनाव, जात वा देवस्थान नाही ना हे तपासा. खाऱ्या पाण्यावरून 'खारवी' सुचेल आणि छानही वाटेल, पण खारवी हा कोकणातला मच्छीमार समाज आहे. पोलीस, डॉक्टर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची मंडळी खुशाल 'व्हॅम्पायर' म्हणू देत. कोण कुठला शब्द वापरतो यावरून त्याला किती ठाऊक आहे ते कळतं.

६. त्याला रक्त किती लागतं?

आधी आकडे. प्रौढ माणसात सुमारे ५ लिटर रक्त असतं. २ लिटरच्या पुढे गेलं की जीव धोक्यात येतो. रक्तदानात ३५० किंवा ४५० मिली घेतात आणि त्याला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात, त्यामुळे दोन सेकंदांत माणूस कोरडा पडत नाही. माणसाच्या पोटात एका वेळी आरामात लिटर-दीड लिटर मावतं. उरलेलं रक्त कुठे जातं हे न सांगता 'संपूर्ण रक्त शोषलं' लिहिलं की चाणाक्ष वाचक तिथेच अडतो.

एक लिटर रक्तात अंदाजे २०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ८०० कॅलरीच्या आसपास. धावणाऱ्या-भांडणाऱ्या देहाला रोज २,००० कॅलरी हव्यात तर अडीच लिटर रक्त लागेल, म्हणजे दोन दिवसांत एक खून. मग मालिका दुसऱ्या आठवड्यात पोलिसांच्या हाती जाईल. म्हणून देह मंद ठेवा. ओहोट्या चिखलात थंड पडून असतो आणि पंधरवड्यातून एकदा ७०० मिली, म्हणजे रक्तदानाच्या दोन पिशव्या, घेतो. बळी मरत नाही, गळून जातो. डॉक्टर हिमोग्लोबिन बघून लोहाच्या गोळ्या देतात, पण एवढी तूट पंधरा दिवसांत भरत नाही, त्याला काही महिने लागतात, म्हणून पुढच्या वेळी बळी दुसरा हवा.

रक्त गोठू नये म्हणून लाळेत काहीतरी हवं. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या लाळेत ते असतंच. म्हणून जखम बराच वेळ वाहते, आणि उशीवरचा डाग हा तुमचा पहिला पुरावा.

७. चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होतो का?

नको. दर महिन्याला प्रत्येकाने एकाला चावून आपल्यासारखं केलं तर संख्या दुप्पट होत जाते: १० महिन्यांत १,०२४, २० महिन्यांत १०,४८,५७६. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४१ लाख होती, ती २१व्या महिन्यात ओलांडली जाते. नवी मुंबईचे ११.२ लाख मिळवले तरी २२वा महिना पुरतो.

म्हणून रूपांतराला अडथळा घाला. तीन अडथळे चालतात: दुर्मीळ अट (ओहोट्याच्या बाबतीत बळी खाडीतच मरायला हवा आणि प्रेत सापडता कामा नये), निर्माण करणाऱ्याला चुकवावी लागणारी किंमत (प्रत्येक नव्यामागे जुन्याची एक आठवण जाते), किंवा ठरलेली संख्या. तिसरा सोपा, पण त्यामागे कारण लागतं. नाहीतर तो लेखकाने सोयीसाठी घातलेला वाटतो.

८. सूर्यप्रकाशात त्याने जळायलाच हवं का?

मुळीच नाही. १८९७च्या 'ड्रॅक्युला' या प्रसिद्ध कादंबरीतला काउंट दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने रूढ केला.

नियम ठेवायचा असेल तर आधी ठरवा की मारतं काय: अतिनील किरण, उष्णता, की सूर्य क्षितिजावर असणं. किरण मारत असतील तर जुलैच्या ढगांतूनही ते बऱ्यापैकी येतात, काचेतून काही येतात, आणि पार्लरमधला नखं सुकवायचा दिवासुद्धा हत्यार ठरतो. उष्णता असेल तर मे महिन्यातल्या ठाण्यात रात्रीही त्याची सुटका नाही. 'सूर्य वर असणं' हा शुद्ध मंत्राचा नियम, मग तळघरातल्या पार्किंगमध्येही तो निपचित पडायला हवा.

अक्षांशही पाहा. ठाण्यात सर्वांत मोठी रात्र साधारण १३ तासांची आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांची. उत्तर युरोपासारख्या लांबच लांब हिवाळी रात्री इथे मिळत नाहीत. दिवसाचा अंधार हवा असेल तर कळवा-मुंब्रा दरम्यानचा पारसिक बोगदा आहे: १९१६चा, सुमारे १.३ किलोमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला तो पार करायला ७८ सेकंद लागतात. डब्यातले दिवे गेले असतील तर दिवसाढवळ्या एक प्रसंग तेवढ्यात उरकतो.

९. लसूण ठेवू का?

वडापावची लाल चटणी खाणाऱ्या शहरात लसणाने तो पळत असेल तर उपाशी मरेल. विनोदी मालिका असेल तर जरूर ठेवा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठलाग घडवा.

१०. क्रॉसऐवजी काय चालेल? तुळस, अंगारा, हनुमान?

आधी ठरवा की ताकद वस्तूत आहे, धरणाऱ्याच्या श्रद्धेत आहे, की व्हॅम्पायरच्याच जुन्या श्रद्धेत. वस्तूत असेल तर कुठल्या धर्माची वस्तू चालते हा वाद तुमच्या कथेत शिरणार. तिसरा पर्याय सगळ्यात कमी वापरलेला आणि सगळ्यात कामाचा: १८व्या शतकात मेलेला साष्टीतला ख्रिस्ती क्रॉसला दचकेल, तसाच कोळीवाड्यातला ओहोट्या गावदेवीच्या पालखीपुढे मान खाली घालेल.

धर्माबाहेरचा उपाय हवा असेल तर लोखंड घ्या. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवायची पद्धत वाचकाला ठाऊक असते. त्यामागे कारणही देता येतं: प्रश्न ६ मधल्या ७०० मिली रक्तात सुमारे ३५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि माणसाचं शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. शतकभर साठलेल्या लोहाने गच्च भरलेल्या देहाला आणखी लोखंड सोसत नाही. म्हणजे जुनी रीत आणि शरीरशास्त्र एकाच गाठीत. मात्र तुमचा व्हॅम्पायर लोकलने फिरत असेल तर डब्यातल्या लोखंडी दांड्याचं काय ते आधीच ठरवा. नुसत्या स्पर्शापेक्षा 'रक्तात शिरलेलं लोखंड' असा नियम सोयीचा.

११. 'वाहतं पाणी ओलांडता येत नाही' हा नियम ठाण्याच्या खाडीला कसा लावायचा?

ही तुमच्या हातातली सगळ्यात श्रीमंत जागा आहे, घाईने संपवू नका. खाडी नदीसारखी एका दिशेने वाहत नाही. साधारण सव्वासहा तास पाणी चढतं, तितकाच वेळ उतरतं, आणि मध्ये थोडा वेळ थांबल्यासारखं होतं. तो थांबण्याचा वेळ म्हणजे ओलांडण्याची फट. ही फट रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे तुमच्या खलनायकाला वेळापत्रक मिळालं.

वेळ काढायला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, मुंबई बंदरातल्या भरतीचा अंदाज येतो. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. आतल्या टोकाला, कळव्याकडे, पाणी काहीसं उशिरा चढतं, तेवढी सूट ठेवा.

इथे एक गंमत निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पण पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास. भयकथेतली ठरलेली 'अमावास्येची मध्यरात्र' ओहोट्यासाठी निकामी आहे, कारण चिखल पाण्याखाली असतो! उधाणाची खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, म्हणजे त्याला उजेडाशी झुंजावं लागतं. मध्यरात्रीची ओहोटी अष्टमीला मिळते, पण ती भांगाची, पाणी फार उतरत नाही. ताकद हवी तर उजेड, अंधार हवा तर अशक्तपणा. अशी पेचाची जागा कल्पनेतून काढायला महिने लागले असते, भरती-ओहोटीने ती फुकट दिली.

राहिला पूल. कळवा, ऐरोली, वाशी हे पूल चालणार असतील तर नियमाला अर्थ उरत नाही. एक तोडगा: पुलावरून तो जातो, पण पाणी वाहत असेल तेवढा वेळ अर्धमेला. वाशीच्या पुलावर वाहतूक अडकली की त्याचे हाल.

१२. आमंत्रणाशिवाय घरात येता येत नाही. मग सोसायटीत काय? वॉचमनने सोडलं तर?

उंबरठा कुठला ते ठरवा: सोसायटीचं गेट, लिफ्टची लॉबी की फ्लॅटचं दार. आमचं मत फ्लॅटच्या दाराच्या बाजूने आहे. गेटवरच्या ॲपवर 'परवानगी द्या' दाबलं की तो फक्त आवारात येतो, दार उघडून 'या' म्हणणं वेगळं.

नेहमी येणारे अपवाद: भाडेकरूच्या घरात मालकाचं आमंत्रण चालतं का? नको. जो तिथे जेवतो-झोपतो त्याचंच चालावं. मग ११ महिन्यांचा करार संपून भाडेकरू गेला की जुनं आमंत्रणही संपलं, हा नियम नवी मुंबईतल्या वाचकाला लगेच पटतो. पीजीमध्ये चार जणी राहतात, एकीनेच बोलावलं: तो तिच्या पलंगापर्यंतच येऊ शकतो. उंबरठाच नसलेलं घर, ऑफिस, मॉल: आमंत्रण लागत नाही. आणि मराठी घरातला 'या हं पुन्हा कधीतरी' हा निरोपाचा शब्द आमंत्रण धरायचा का? धरा. पहिल्या भागातली सगळ्यात महागडी चूक हीच असू दे.

१३. आरशात दिसत नाही, तर सीसीटीव्हीत दिसतो का?

आरसा चांदीमुळे नाकारत असेल तर आज ॲल्युमिनियमचा थर दिलेले आरसेही असतात, त्यात तो दिसेल. प्रतिबिंबच नसेल तर कॅमेऱ्यातही नको आणि डोळ्यालाही नको, कारण भिंग आणि डोळा एकाच तत्त्वावर चालतात. सरळ मार्ग: आरसा वगळा. वटवाघूळ होण्याचंही तसंच. ६० किलोचा देह ३५ ग्रॅमच्या प्राण्यात मावत नाही, आणि रक्तपिपासू वटवाघळं फक्त अमेरिका खंडात आहेत. आपल्याकडची मोठी वटवाघळं फळं खातात.

१४. चांगला व्हॅम्पायर रक्तपेढीतून पिशव्या आणतो, हे चालेल का?

चालेल, पण त्याची किंमत दाखवा. पूर्ण रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला नेहमीच्या सीपीडीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणात ३५ दिवस टिकतं. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली द्रावण असतं आणि त्यातलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. रोज पिशव्यांवर जगणाऱ्याचे ओठ मुंग्या आल्यासारखे होतील, हातापायांत गोळे येतील. प्रत्येक पिशवीला क्रमांक आणि नोंद असते, त्यामुळे चोरी लपत नाही. मुदत संपलेल्या पिशव्या नष्ट करणारा कर्मचारी हे पात्र मात्र फारच उपयोगी.

१५. माझा व्हॅम्पायर ३०० वर्षांचा आहे. ठाण्यात त्याने काय काय पाहिलं असेल?

१७३७ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतलं, १७७४ला इंग्रजांनी. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. १९७०ला सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहू लागलं. यातला शेवटचा टप्पा सोन्यासारखा आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला, वारस नोंद न झालेला माणूस जिवंत असेल, तर घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर हक्क कोणाचा? भाऊबंदकीची कथा आणि रक्तपिपासूची कथा इथे एकच होते. अशा म्हाताऱ्याची भाषा जुनी ठेवायची तर दोन-चार शब्दांपुरतीच ठेवा, आणि आगरी-कोळी संवाद ती बोली घरात बोलणाऱ्याकडून वाचून घ्या.

१६. भगत, मांत्रिक दाखवले तर कायद्याचा त्रास होईल का?

काल्पनिक कथेत पात्र दाखवणं वेगळं. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा प्रत्यक्ष अघोरी कृत्यं आणि फसवणूक यांवर आहे. तो कथेतच आणा: ओहोट्यावर खरा उपाय ठाऊक असलेला भगत नेमका या कायद्याखाली आत जातो आणि बाहेर भोंदू मोकळा फिरतो. एकच गोष्ट टाळा. एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली आणि पुढे ती खरोखरच डाकीण निघाली, असं वळण देऊ नका. त्या नावाखाली खऱ्या बायकांचे जीव गेले आहेत.

१७. जुन्या कादंबऱ्यांतली पात्रं वापरता येतात का?

१८९७च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ला वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ती मोकळी आहे. नुसती कल्पना कोणाचीच मालकीची नसते, मांडणी असते. नंतरच्या चित्रपटांनी घातलेली पात्रं, नावं, संवाद मात्र बहुतेक अजून हक्काखाली आहेत. १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने परवानगी न घेता कथा उचलली, तेव्हा लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ला न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, म्हणून आज तो पाहता येतो.

१८. तिसऱ्या भागात कळलं की पहिल्या भागातला नियम मोडला गेला आहे. आता?

पहिला भाग छापून गेला असेल तर तो बदलू नका, नियम सांगणारा कोण होता ते पाहा. नियम निवेदकाने सांगितला असेल तर अडकलात. पात्राने सांगितला असेल तर पात्र चुकू शकतं. म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक नियम कोणाच्या तरी तोंडून आणा, त्यातला एखादा अर्धवट खरा ठेवा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते, सहा रकाने: नियम, त्याचं कारण, मोडल्यास काय होतं, अपवाद, पहिल्यांदा कुठे आला (भाग आणि प्रकरण), कोणाकोणाला ठाऊक आहे. सहावा रकाना लोक गाळतात आणि तिथेच गोंधळ होतो: ज्या पात्राला लोखंडाचा उपाय कोणी सांगितलाच नाही ते अचानक विळा घेऊन उभं राहतं. तिथी वापरत असाल (प्रश्न ११) तर सातवा रकाना पंचांगाचा. कथेचं साल ठरवून त्या सालचं पंचांग जवळ ठेवा, आणि अधिक महिना आहे का ते आधी बघा.